कोरी पाठ

“तू झोपली होतीस. काय? झोपली होतीस तू.”

चाळीस वर्षं झाली, आईचा तो आवाज अजून कानातून उतरत नाही. ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं विरून जातं. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, तिच्या हातांना धुराचा वास होता, आणि आवाज इतका खाली, की दाराच्या फटीतून वारा बोलतोय असं वाटावं. गल्लीच्या टोकाकडून ताईचं रडणं ऐकू येत होतं. बाबा तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे पळत होते आणि ते रडणं लांब लांब, बारीक बारीक होत चाललं होतं.

“कुणी विचारलं तर?”

“झोपले होते.”

“कुठं?”

“आतल्या खोलीत.”

“शहाणी गं माझी बाय. माझी गळ्याशपथ आहे तुला.”

मग तिनं माझी मूठ उघडली. मुठीत खापराची ठिकरी होती. चपटी, गुळगुळीत, एका अंगाला काजळी धरलेली.

आमच्या चुलीची डावी बाजू खचली होती. पातेलं सरळ बसावं म्हणून आई त्या बाजूला ही ठिकरी ठेवायची. अंगणात घरं आखून एका पायावर खेळायला इतकी चांगली ठिकरी साऱ्या गल्लीत कुणाकडे नव्हती. मी सहा वर्षांची होते. सकाळी चूल थंड होती तेव्हाच मी ती काढून नेली. आईनं नेहमीच्या सवयीनं, न बघता, पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं आणि जाळ केला. नऊ वर्षांची ताई तांब्या घेऊन पाणी काढायला वाकली. तांब्या काठाला लागला तेवढंच, पातेलं कलंडलं. मी तेव्हा दारात उभी होते. पाणी तापलं का बघायला आले होते.

आईनं ती ठिकरी घराच्या कौलांवर भिरकावली. खडखड करत ती घरंगळली आणि कुठंतरी अडकली. मग आईनं परसातून दुसरी एक खापरी आणली, काजळीत घोळली आणि चुलीवर तिच्या जागी ठेवली. बाबा परत आल्यावर तिनं दाखवलं, “बघा, आधार जागच्या जागी आहे. पोरीचाच हात धांदरट.”

पुढं वाऱ्यानं कौलं वाजली की मला वाटायचं, ती ठिकरी आता पडणार. आता खाली येऊन बोलणार. ती कधीच पडली नाही. आई जाऊनही अकरा वर्षं झाली. शपथ सुटली. तोंड सुटलं नाही.

*

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. इंग्रजी शब्द, आपल्या भाषेतला अर्थ आणि शब्दाचं मूळ. एका लांब खोलीत सहा टेबलं, भिंतभर लाकडी खण, खणांत कार्डं. एका शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला अर्थ आणि मूळ लिहायचं, ते पुस्तकांतून मिळतं. मागची बाजू मात्र पुस्तकातून भरायची नाही, असा आमच्या संपादकांचा दंडक. अर्थ लिहून झाला की कार्ड घेऊन उठायचं आणि तो शब्द ज्याच्या रोजच्या हाताखालचा किंवा अंगावरचा आहे त्याला जाऊन तो वाचून दाखवायचा. करवतीचा शब्द सुताराला, खवल्याचा मासळीवालीला. तो जे म्हणेल ते त्याच्याच तोंडच्या शब्दांत पाठीवर उतरवायचं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता, आणि खाली त्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा.

“पाठ कोरी, तर शब्द चोरी,” संपादक म्हणायचे. सत्तरी ओलांडलेले, कानांवर केसांचे झुबके, पायात वर्षभर लोकरीचे मोजे. त्यांनी बाविसाव्या वर्षी ‘ए’चं पहिलं कार्ड लिहिलं होतं. आता आम्ही ‘एस’मध्ये होतो.

माझ्या वाट्याला ‘स्कॅफोल्ड’पासून ‘स्कार्फ’पर्यंतचा गठ्ठा आला होता. परांचीच्या, म्हणजे बांधकामाच्या लाकडी सांगाड्याच्या शब्दाला मी गवंडी गाठला. तो म्हणाला, “भिंत उभी राहते तोवर हिचा मान, मग जळण.” डोक्याच्या कातडीला न्हावी गाठला. ‘स्कॅल्ड’ म्हणजे गरम पाण्यानं पोळणं. तिथं मी घाईघाईनं धोब्याकडे गेले, त्यानं सांगितलेलं मान वर न करता लिहून घेतलं आणि मागे वळून न बघता परत आले. मग राहिलं ते ‘स्कार’चं कार्ड.

ते कार्ड नऊ दिवस माझ्या पिशवीत होतं. पुढची बाजू मी कधीच लिहिली होती. ‘जखम किंवा भाजणं बरं झाल्यावर कातडीवर मागे राहणारी खूण, वण. मूळ: जुन्या फ्रेंचमधून, तिथं लॅटिनमधून, लॅटिननं ग्रीक ‘एस्खारा’ उचललेला. ग्रीकमधला आधीचा अर्थ चूल. मग भाजल्यावर धरते ती खपली. मग खूण. त्यामागचं मूळ अज्ञात.’

चूल हा शब्द लिहिताना माझं पेन अडलं होतं. अशा योगायोगांना हसायचं असतं, मला हसू आलं नाही. हजारो वर्षांपूर्वी कुण्या परक्या बाईच्या अंगावर तिच्याच घरची चूल उमटली असेल. बघणाऱ्यांनी त्या खुणेला दुसरं नाव शोधलंच नाही. चूल म्हणाले. आणि शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, लेक सासरी जावी तसा गेला, माहेरचा जाळ पोटात लपवून. त्यामागचं मूळ अज्ञात, असं मी लिहिलं. घरातल्या वणाचं मूळ मला ज्ञात होतं. ते कुठल्याच कार्डावर नव्हतं.

शेजारच्या टेबलावर आमची भिंगवाली बसते. चष्म्याची भिंगं इतकी जाड, की डोळे पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात. ती म्हणाली, “अगं, नऊ दिवस काय करतेस? वण कुणाला नसतो? माझ्या गुडघ्यावर तीन आहेत. वाचून दाखव मला, देते सही.”

“कचेरीतलं माणूस चालत नाही.”

“मग घरातलं चालतं की. तुझ्या ताईचा—” एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि ती उगाच कार्डं जुळवू लागली.

तेच तर होतं. संपादकांनाही ठाऊक होतं. एकदा ताई मला छत्री द्यायला आली होती तेव्हा त्यांनी तिला दारात बघितलं होतं. डाव्या कानाच्या पाळीपासून निघून मान उतरत गळ्याच्या खळगीपर्यंत आलेला तो वण, वाळलेल्या नदीसारखा. गठ्ठा वाटताना ते माझ्याकडे बघून म्हणालेच होते, “बाई, या शब्दाला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.”

लांब जावं लागलं असतं तर मी गेले असते. दोन गावं ओलांडून गेले असते.

*

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. पुढच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात बाहेर काढला तर बोटं त्या भिंतीला टेकतात. मागच्या खोलीत शेगडी, मोरी आणि ताईचं शिवणयंत्र. ताई घरातच शिवते. लहान मुलांची झबली, टोपडी, दुपटी. यंत्राची चाल आणि तिचं गुणगुणणं एका तालात चालतं, आणि गाणी तिची तिनंच रचलेली.

सुईबाई सुईबाई, तुला एकच गं डोळा
त्यातून ओवते मी, माझा दिवस सगळा

आमच्या घरात काहीच काठोकाठ भरत नाही. चहा अर्धा कप. पाणी अर्धा तांब्या. बादली अर्धी, म्हणून फेऱ्या दुप्पट. ताईला भरलेलं भांडं उचलवत नाही. लहानपणी बाबा तिला ‘सांडलवंडबाई’ म्हणायचे. “सरका बाजूला, सांडलवंडबाई आल्या!” सगळे हसायचे, तीही हसायची, मीही हसायचे. हसता हसता ते तिच्या हाडांत उतरलं. लोकांना वाटतं, मानेवरच्या वणामुळे ती घराबाहेर फारशी पडत नाही. तसं नाही. कुणी वणाकडे टक लावून बघितलं तर ती म्हणते, “बघा बघा, तिकीट नाही.” तिला भीती आहे ती आपल्या हातांची. ज्या हातांनी ती केसाएवढा टाका सरळ घालते, त्या हातांवर तिचा काडीचा विश्वास नाही.

तळमजल्यावर पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या बाईंना आम्ही वहिनी म्हणतो. ताई त्यांच्या बाळांची झबली शिवते आणि दुपारी जिन्याच्या कठड्याला टेकून वरूनच त्या बाळांना गाणी म्हणते. तिचा आवाज जिन्यातून खाली उतरला की रडणारी गप्प होतात. वहिनी शपथेवर सांगतात.

खालच्या मजल्यावर, पाळणे हलती सात
वरून देते झोका, माझा न लागता हात

त्या आठवड्यात वहिनी वर आल्या. त्यांची मदतनीस काम सोडून दुसऱ्या गावी निघाली होती.

“ताई, तुम्ही या,” त्या दारातच म्हणाल्या. “गाणं वरून टाकता ते खाली येऊन म्हणा. मांडीवर एखादं घ्या. मला दुसरं कुणी नको.”

ताईचा चेहरा क्षणभर असा उजळला, की मी तिला नऊ वर्षांची बघितलं. मग तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. खरंच, मांडीखाली, त्यांवर बसली.

“नको हो वहिनी. माझ्या हातून पाणी धरवत नाही. बाळ काय धरवणार?”

“चाळीस वर्षांपूर्वी एकदा सांडलं म्हणून—”

“एकदा सांडलं तरी पुरतं.”

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या, धाकटी काही बोलेल म्हणून. मी कपबशा उचलून मोरीकडे गेले. पाठीमागून त्यांचा आवाज आला, “सोमवारी सकाळपर्यंत सांगा. नाहीतर मग कोपऱ्यावरच्या त्या दुसरीला हो म्हणते. तिचं गाणं म्हणजे दाराची गंजलेली कडी, पण करणार काय?”

त्या गेल्यावर ताईनं यंत्र सुरू केलं नाही. बराच वेळ नुसतं चाक हातानं पुढं-मागं करत राहिली.

“ठमे,” ती म्हणाली. ठमी मी; सेहेचाळिसाव्या वर्षीही. “तुझं ते लग्न ठरत होतं ना, ते तू माझ्यासाठी मोडलंस. मला कळतं. माझ्या सांडण्यात तूही सांडलीस गं.”

“काहीतरीच काय बोलतेस.”

“काहीतरीच काय! तुला जाता आलं असतं. मी तुझ्या पायातली बेडी झाले.”

मोरीत नळ चालू होता. बेडी कुणाच्या पायात कुणी घातली, हे मला त्या पाण्याच्या आवाजात सांगता आलं असतं. तिला ऐकूही आलं नसतं कदाचित. मी नळ बंद केला आणि म्हटलं, “चहा टाकू? अर्धा?”

खरं सांगते, भीती एकच होती. तिनं मारलं असतं, चार दिवस अबोला धरला असता, तर सोसलं असतं. पण ताईशिवाय माझं या जगात कुणी नाही, आणि ताईचं जे माझ्यावर प्रेम आहे ते त्या ‘झोपलेल्या’ मुलीवर आहे. दारात उभी असलेली मुलगी तिला माहीतच नाही. ती घरात आली तर ताई तिला ठेवून घेईल का?

*

गुरुवारी दुपारी, सगळे जेवायला उठल्यावर, मी ‘स्कार’चं कार्ड पिशवीतून काढलं, पाठ वर केली आणि लिहून टाकलं. ताईचं बोलणं माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की तिच्या तोंडचं वाक्य रचणं मला काहीच जड नव्हतं. ‘वण म्हणजे काय विचारता? सकाळची वेळ, चुलीवर पाणी. मी तांब्या घेऊन वाकले अन् पातेलं कलंडलं. तोंड लालबुंद झालं, डोळे पांढरे पडले, आणि ओरडायच्या आधी नुसतंच तोंड उघडलं, आवाजच नाही. मग पाणी विझलं, दुखणं विझलं, वण तेवढा जागा राहिला.’ खाली ताईची सही. ती शिलाईच्या पावत्यांवर करते तशी, शेवटच्या अक्षराला दोऱ्याचा फाटा सुटल्यासारखी शेपटी. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईची सही मीच करायचे. हात तयार होता.

शुक्रवारी संपादकांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. कार्ड त्यांनी पालथं ठेवलं होतं.

“बाई, हे सुंदर आहे,” ते म्हणाले. “‘वण तेवढा जागा राहिला.’ वा. कुणी सांगितलं?”

“बहिणीनं.”

“बहिणीनं.” त्यांनी मोज्यातले पाय एकमेकांवर चोळले. “एक विचारू? जिच्या अंगावर पाणी पडलं, तिच्या हातात त्या वेळी आरसा होता का?”

मला कळलं नाही. मग कळलं. 

“तोंड लालबुंद झालेलं तिला कसं दिसलं? डोळे पांढरे पडलेले? आवाज फुटायच्या आधी उघडलेलं तोंड?” ते हळू बोलत होते, खोलीतल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. “भाजलेलं माणूस सांगतं, कसा चटका बसला, कुठून कुठं गेला. दिसलं काय ते सांगत नाही. हे दारात उभ्या असलेल्या कुणाचं तरी बोलणं आहे.”

दारात हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मी तरी मागे दाराकडे वळून बघितलं.

“यातलं काही खोटं नाही, एवढं मला वाचून समजतं,” ते म्हणाले. “बाविसाव्या वर्षापासून माणसांचं बोलणं वाचतोय. पण मला बघणाऱ्याचं नको, वण असणाऱ्याचं हवं. सोमवारी आणा.” त्यांनी कोरं कार्ड काढलं, पुढची बाजू माझ्याकडून तिथल्या तिथं पुन्हा लिहून घेतली, आणि जुनं कार्ड फाडलं नाही. माझ्याच हातात दिलं. “हेही घेऊन जा. याचीही कुणालातरी गरज असेल.”

*

शनिवार नुसताच गेला. रविवारी जेवणं उरकल्यावर ताई झबल्याला बंद लावत बसली होती. मी कोरं कार्ड आणि पेन घेऊन तिच्यासमोर फरशीवर बसले. गुन्हेगार बसतो तशी, पाय पोटाशी घेऊन.

“ताई, कचेरीचं काम आहे. एक शब्द वाचून दाखवायचाय.”

“मला?” ती हसली. “अडाण्याला विचारायची वेळ आली का तुमच्या पंडितांवर?”

“ज्याचं त्यालाच विचारतात. शब्द वणाचा आहे.”

दोरा दातांनी तोडता तोडता ती थांबली. मग तोडला. “वाच.”

मी वाचलं. अर्थ वाचला, मूळ वाचलं. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक. चूल, खपली, खूण. ती मान कलती करून ऐकत होती, वण ताणला जाऊन चमकत होता.

“म्हणजे त्यांच्या भाषेत,” ताई म्हणाली, “माझ्या मानेवर चूल आहे?”

“मुळात तसंच.”

“बघ की. मी इतकी वर्षं शेगडी घेतली म्हणून मिरवते, आणि चूल गळ्यातच!” ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली, की मांडीवरचं झबलं घसरलं. मग हसू ओसरलं. तिनं दोन बोटं कानाच्या पाळीखाली ठेवली आणि वणावरून खाली खाली आणली, एखादी ओळ वाचावी तशी. “शहाणी होती ती माणसं. कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल गं, चूल? पोळलेलीच कुणीतरी असणार.”

“त्यामागचं मूळ माहीत नाही.”

“असतं माहीत. कुणालातरी असतं. सांगत नाहीत.”

तिला काही सुचवायचं नव्हतं. ती तशीच बोलते. पण मला खोलीतली हवा कमी झाल्यासारखं वाटलं. खिडकीत ती भिंत. दार लोटलेलं. खालून एका बाळाचं रडणं वर येत होतं; वहिनी रविवारीही त्यांच्या भाचीचं बाळ सांभाळतात.

“आता तू सांग,” मी म्हटलं. “वण म्हणजे काय. तू म्हणशील ते जसंच्या तसं लिहायचं, असा नियम आहे. मग सही कर.”

“जसंच्या तसं?”

“एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही.”

तिनं झबल्याची घडी केली, बाजूला ठेवली. परीक्षेला बसल्यासारखी सरळ झाली.

“लिही. पहिल्यांदा गार वाटलं.”

“गार?”

“जसंच्या तसं लिहायचंय ना? मग लिही. पहिल्यांदा गार वाटलं. कुणी ओला हात मानेवर ठेवल्यासारखं. मग तो हात खाली सरकला आणि जाईल तिथं जाळ करत गेला.”

मी लिहिलं. तोंड नाही, डोळे नाहीत. गार हात. चाळीस वर्षांत मी तिला हे कधीच विचारलं नव्हतं.

“पुढं?”

“पुढं लिही, वण दुखत नाही. त्याची आठवण हातांना आहे, मानेला नाही.” तिनं आपले तळवे उलटसुलट करून बघितले. “थंडीत मान आखडते, तेवढंच. पण हात रोज सांगतात, आम्ही सांडलं.”

पेन कागदावर होतं. ‘आम्ही’पर्यंत लिहून झालं होतं.

“लिहिलंस?”

“लिहिते.”

“आणि हे लिही. आमच्या चुलीची एक बाजू खचलेली होती. आई तिला ठिकरीचा आधार द्यायची. त्या दिवशीही दिला होता. ठिकरी जागच्या जागी होती, आईनं बाबांना दाखवली, नंतर मलाही दाखवली, पट्टी सुटल्यावर. मी हात लावून बघितली. आधार होता. तरी माझ्या हातून कलंडलं.” ती थांबली. “म्हणजे बघ ना ठमे. चुलीचा दोष नाही, पातेल्याचा नाही, कुणाचाच नाही. आधार असूनही जिच्या हातून सांडतं, तिनं बाळं घेऊ नयेत. हे वहिनींना कसं समजावू? हेही लिही. हेच लिही.”

खालचं बाळ अजून रडत होतं. ताईची मान नकळत जिन्याकडे वळली, ओठ हलले, गाणं ओठांपर्यंत येऊन थांबलं.

मी कार्डाकडे बघत होते. ‘ठिकरी जागच्या जागी होती’ एवढं लिहायचं होतं. चार शब्द. गुरुवारी मी तिच्या नावावर सबंध पाठ लिहिली, सहीही ठोकली, कुठं अडले नव्हते. आता तिच्या तोंडचं, तिच्या समोर, नियमानं लिहायचं तर पेन पुढं जाईना. आईनं परसातून आणलेली ती खापरी. तिच्यावर नऊ वर्षांच्या मुलीनं हात ठेवून बघितला होता आणि त्या दिवसापासून आपले हात मांडीखाली घातले होते.

“का गं, शाई संपली?”

“नाही.”

“मग लिही की.”

“हे लिहिता येत नाही मला, ताई.”

“का? अशुद्ध बोलले?” ती हसायला लागली. “तूच म्हणालीस, जसंच्या तसं.”

“जसंच्या तसंच लिहायचं असतं. पण खोटं आहे ते.”

हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याला कुठं जावं कळेना. “खोटं? मी हात लावून बघितली ठिकरी.”

“ती दुसरी होती. आईनं परसातून आणलेली. काजळीत घोळून ठेवली, माझ्यासमोर.”

“तुझ्यासमोर कशी? तू तर—”

मी पिशवीतलं जुनं कार्ड काढलं, तिच्या खोट्या सहीचं, आणि ते तिच्या मांडीवर पालथं ठेवलं, पाठ वर करून. तिनं ते वाचलं. लालबुंद तोंड, पांढरे डोळे, आवाजाविना उघडलेलं तोंड. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली नाही. तिचा एक हात हळूच वणाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

“हे कुणी बघितलं?” तिनं विचारलं.

कौलांवर अडकलेली ठिकरी सुटल्यासारखं काहीतरी माझ्या आत खडखडत खाली आलं.

“मी. पहिली ठिकरी माझ्या मुठीत होती, ताई. सकाळी चूल थंड असताना मीच ती काढली, खेळायला. तुझ्या हातून काही सांडलं नाही. तिथं आधारच नव्हता. मी झोपले नव्हते. मी दारात उभी होते.”